परदेशात स्की इन्स्ट्रक्टर व्हायचंय: साडेसहा लाख भरण्याआधी

प्रश्न साताऱ्याच्या एका 25 वर्षांच्या तरुणाचा आहे. मेकॅनिकलची पदवी, पुण्यात नोकरी, सह्याद्रीत भरपूर भटकंती. गेल्या हिवाळ्यात मनालीला दोन आठवड्यांचा बेसिक स्कीइंग कोर्स केला, त्यात ‘ए’ ग्रेड मिळाली. आता परदेशात स्की इन्स्ट्रक्टर म्हणून काम करायचं आहे. एका एजन्सीने साडेसहा लाखांत ‘कोर्स, सर्टिफिकेट आणि नोकरीची हमी’ असं पॅकेज देऊ केलंय आणि पहिला हप्ता याच महिन्यात मागितलाय. घरचे म्हणतात, हे कसलं करिअर. पैसे भरू का?

या महिन्यात तरी भरू नका. पण बेत सोडूही नका. मी ऑस्ट्रेलियाच्या स्नोई माउंटन्समध्ये आणि तिकडचा हिवाळा संपला की जपानमध्ये स्कीइंग शिकवते. अलीकडे आमच्या स्की स्कूलच्या भरतीच्या वेळीही बसते. त्यामुळे अर्ज करणाऱ्याला काय वाटत असतं आणि निवडणारा काय बघत असतो, हे दोन्ही रोजच्या पाहण्यातलं आहे. या दोघांच्या कल्पनांत फार अंतर असतं, आणि एजन्सीचा धंदा त्या अंतरावर चालतो.

अर्ज करणाऱ्याला वाटतं, आपण किती भारी स्कीइंग करतो हे बघतील. पहिल्या सीझनच्या माणसात आम्ही बघतो ते हे, की याच्या हाती सहा लहान मुलं दिली तर दोन तासांनी सहाच्या सहा हसत परत येतील का. पगार शिकवण्याचा मिळतो. स्कीइंग चांगलं असावंच लागतं, पण ती झाली प्रवेशाची अट. नोकरी त्यापुढे सुरू होते.

नव्या इन्स्ट्रक्टरच्या वाट्याला काय येतं ते नीट सांगते, कारण जाहिरातीतला माणूस नेहमी खोल बर्फातून भुगा उडवत खाली येताना दिसतो. तुम्हाला मिळणार चार-पाच-सहा वर्षांची मुलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्की बूट चढवलेली मोठी माणसं. जागा म्हणजे मॅजिक कार्पेट, बर्फावरून वर सरकत जाणारा रबरी पट्टा, आणि त्याच्या शेजारचा जवळजवळ सपाट उतार. दिवसभर तोच.

सकाळी सगळे इन्स्ट्रक्टर युनिफॉर्ममध्ये ओळीत उभे राहतात, त्याला लाइन-अप म्हणतात. सुपरवायझर ग्रुप वाटत जातो. ज्यांना लोकांनी नाव घेऊन मागितलंय ते आधी जातात, मग वरच्या लेव्हलचं प्रमाणपत्र असलेले, मग जुने, आणि उरलं तर नवे. गर्दी नसेल त्या दिवशी नव्याच्या वाट्याला काहीच येत नाही. काम नाही तर पैसेही नाहीत.

समजा ग्रुप मिळाला. सहा मुलं. एकाचे हातमोजे हॉटेलवर राहिलेत. एकीला आई दिसेनाशी झाल्यामुळे रडू फुटलंय. तिसऱ्याला शू लागलीय आणि त्याच्या अंगावर हेल्मेट, गॉगल, जाकीट, खांद्यावरच्या पट्ट्यांची पँट आणि आत थर्मल असे थर आहेत. त्याला घेऊन तुम्ही आत गेलात तर बाकीच्या पाचांकडे कोण बघणार? म्हणून अनुभवी इन्स्ट्रक्टर स्की पायात घालायच्या आधीच अख्खा ग्रुप एकदा बाथरूमला नेऊन आणतो. हातमोज्यांची एक जादा जोडी स्वतःच्या खिशात ठेवतो. रडणाऱ्या मुलीला समजावत बसत नाही, तिला काम देतो: ‘तू माझी मदतनीस, हे पोल (स्कीच्या काठ्या) धर आणि सगळ्यांना मोज.’ मोजणं संपेपर्यंत रडू थांबलेलं असतं.

मग शिकवणं. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून थांबायचं, हा नवशिक्याचा ब्रेक. मुलांना तो ‘पिझ्झा’ म्हणून शिकवतात, आणि सरळ समांतर स्की म्हणजे ‘चिप्स’. हे शिकवताना तुम्ही मुलांकडे तोंड करून, स्वतः उलटे, पाठीमागे घसरत खाली जात असता. हात पुढे, नजर सगळ्यांवर, आणि मधूनच मानेमागे बघत, कारण पाठीशी दुसऱ्या कोणाचा ग्रुप असतो. उलटं घसरणं बेसिक कोर्समध्ये कोणी शिकवत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात त्याची गरज पडते. गुलमर्गला किंवा मनालीला पुन्हा जाल तेव्हा सपाट उतारावर याचा सराव करा.

मोठ्या माणसांचा प्रश्न वेगळा असतो. भीती. उतारावर घाबरलेला माणूस डोंगराकडे, म्हणजे मागे झुकतो. पण स्की वळते ती पुढच्या भागावर दाब असेल तर. वजन टाचेवर गेलं की पुढचं टोक हलकं पडतं, स्की ऐकेनाशी होते आणि वेग वाढतो. वेग वाढला म्हणून माणूस आणखी मागे झुकतो. या वेळी ‘पुढे झुका, पुढे झुका’ असं ओरडून काही होत नाही. त्याला तेच जमत नसतं. मी अशा माणसाला पुन्हा सपाटावर आणते, पोल काढून घेते आणि जागच्या जागी छोट्या उड्या मारायला लावते. टाचेवर वजन ठेवून स्की बूट घालून उडी मारताच येत नाही, शरीर आपोआप मध्यावर येतं. मग एकच विचारते: नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकलेली जाणवतेय का? ‘हो’ म्हणाला की तीच जाणीव घेऊन दहा पावलं उतारावर. ती जाणीव त्याची स्वतःची असते, म्हणून टिकते.

मला या कामाची गोडी लागली ती इथे. काल बर्फावर उभं राहायला घाबरणारा माणूस आज ग्रीन रन, म्हणजे सगळ्यात सोपा उतार, स्वतःच्या बळावर उतरून येतो, आणि खाली पोचल्यावर आधी मागे वळून वर बघतो. त्याचं ते वळून बघणं मला ताज्या भुसभुशीत बर्फावर स्कीइंग करण्याच्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त आवडतं. तुम्हाला असं काही वाटेल की नाही, हे साडेसहा लाख भरायच्या आधी कळायला हवं, आणि ते साताऱ्यातही कळू शकतं. शनिवार-रविवार एखाद्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर मुलांची बॅच न्या. स्केटिंग क्लासमध्ये किंवा पोहण्याच्या तलावावर मदतनीस म्हणून उभे राहा. एक उन्हाळा शिबिरात घालवा. अर्जात हे लिहिलेलं आम्ही बारकाईने वाचतो. ‘मला पर्वतांची ओढ आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. ‘दोन वर्षं आठ ते बारा वयाच्या मुलांना दर रविवारी स्केटिंग शिकवलं’ हे क्वचित दिसतं.

भरतीच्या वेळी उमेदवारांना आम्ही दोन-तीन मिनिटांत बर्फाशी संबंध नसलेलं काहीतरी शिकवायला लावतो. मागे एका मराठी मुलीने लेझीमची पावलं शिकवली. हातात लेझीम नव्हतीच. आधी फक्त पाय घेतले, ते बसल्यावर हात जोडले, आणि मागच्या रांगेत एकजण चुकत होता त्याच्या शेजारी जाऊन, त्याच्याच दिशेला तोंड करून उभी राहिली. कोणाला टोकलं नाही, कोणाला उघडं पाडलं नाही. तिचं स्कीइंग त्या दिवशीच्या उमेदवारांत मध्यम होतं. तिला आम्ही घेतलं.

आता स्कीइंगच्या पातळीबद्दल. बेसिकमधली ‘ए’ ग्रेड कौतुकाची आहेच. पण आपल्याकडच्या बेसिक-ॲडव्हान्स्ड कोर्सच्या प्रमाणपत्राला परदेशी स्की स्कूल इन्स्ट्रक्टरचं प्रमाणपत्र मानत नाही. त्यासाठी कुठल्यातरी देशाच्या इन्स्ट्रक्टर संघटनेची लेव्हल 1 लागते. कॅनडाची सीएसआयए, न्यूझीलंडची एनझेडएसआयए, ब्रिटनची बासी, ऑस्ट्रेलियाची एपीएसआय, अमेरिकेची पीएसआयए. या संघटना आयएसआयए या आंतरराष्ट्रीय संघटनेत एकत्र येतात, त्यामुळे एका देशाचं प्रमाणपत्र दुसऱ्या देशातल्या स्कूलला परकं वाटत नाही. मात्र आयएसआयएचा शिक्का मिळतो तो बराच वर गेल्यावर. कॅनडात आणि ब्रिटनमध्ये लेव्हल 3 ला.

कॅनडाची लेव्हल 1 तीन दिवसांची असते. बासीची पाच दिवसांची, शिवाय स्की स्कूलमध्ये 35 तासांचा अनुभव आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र. दिवस इतके कमी बघून लोकांचा गैरसमज होतो. तीन दिवसांत तिथे कोणी स्कीइंग शिकवत नाही. जे येतं ते तपासतात आणि त्यावर शिकवण्याची पद्धत बसवतात. मध्यम उतारावर, वेग ताब्यात ठेवून, एकाला एक जोडून समांतर वळणं घेता यायला हवीत, आणि त्याहून अवघड म्हणजे अगदी हळू, नवशिक्याला बघून कळेल असं स्वच्छ पिझ्झा वळण दाखवता यायला हवं. घाईने उतरणारे तगडे गडी या दुसऱ्या गोष्टीत नापास होताना मी पाहिलेत.

दोन आठवड्यांच्या कोर्सनंतर तुम्ही तिथे नसाल. ही उणीव परदेशात पैसे ओतून भरण्यापेक्षा आपल्याकडेच भरा. मनालीच्या संस्थेचे पुढचे कोर्स आहेत, गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे, औलीला उतार चांगले आहेत. माझं मत विचाराल तर गुलमर्ग. मुलांच्या-नवशिक्यांच्या उतारापासून मोठ्या उतारापर्यंत सगळं एका ठिकाणी आहे आणि स्थानिक इन्स्ट्रक्टर पिढ्यान्‌पिढ्या बर्फावर वाढलेले आहेत. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू आरिफ खान तिथलाच. फक्त एक सांभाळा: गंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराकडे जातो, तिथला उतार बर्फ दाबणारं यंत्र फिरवून सपाट केलेला नसतो आणि हिमस्खलनाचा धोका खरा असतो. तुम्हाला आत्ता वळणं घोटायची आहेत, ती खालच्या उतारांवर घोटली जातात. जानेवारी ते मार्चमध्ये सलग तीन-चार आठवडे, असे दोन हिवाळे काढलेत तर लेव्हल 1 ला आत्मविश्वासाने उभे राहाल. बर्फ नसेल तेव्हा इनलाइन स्केटिंग करा. स्कीच्या कडेवर वजन टाकण्याची सवय त्यातून चांगली लागते.

ट्रेकिंगने दम आणि मांड्या तयार असतात, तो तुमचा फायदा. पण दिवसभर पिझ्झामध्ये उभं राहून गुडघ्याच्या आतल्या बाजूवर आणि कमरेवर येणारा ताण वेगळा आहे. पडलेली मुलं दिवसातून असंख्य वेळा उचलावी लागतात. एका पायावर तोल, भिंतीला टेकून बसका, पोटाचे-पाठीचे व्यायाम, हे आतापासून सुरू करा. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर सीझन तिथेच संपतो.

कुठल्या देशात जायचं हे बर्फ ठरवत नाही, पासपोर्ट आणि व्हिसा ठरवतात. यावर एजन्सीवाले सगळ्यात कमी बोलतात. युरोपियन किंवा ऑस्ट्रेलियन तरुण जगभर स्की इन्स्ट्रक्टर म्हणून फिरतात ते बहुतेक वर्किंग हॉलिडे व्हिसावर, म्हणजे फिरता फिरता काम करू देणाऱ्या, तरुणांसाठीच्या व्हिसावर. जपान आणि कॅनडासाठीचा तो दरवाजा भारतीय पासपोर्टला उघडा नाही.

ऑस्ट्रेलियाचा मात्र उघडला आहे. वर्क अँड हॉलिडे व्हिसा, सबक्लास 462, भारतीयांसाठी 2024 मध्ये सुरू झाला. वर्षाला 1,000 जागा, वय 18 ते 30, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, इंग्रजीचा पुरावा, आणि निवड सोडतीने. अर्जांच्या तुलनेत जागा फारच थोड्या असल्यामुळे नंबर लागेलच असं धरून कोणी कर्ज काढू नये. लागला तर स्की इन्स्ट्रक्टरला हा व्हिसा छान बसतो: एका मालकाकडे साधारण सहा महिनेच काम करता येतं ही त्याची अट, आणि ऑस्ट्रेलियाचा स्की सीझन जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतोसुद्धा. तुमचं वय 25. म्हणजे अजून काही सोडती हातात आहेत. घाई नाही, हे मी म्हणते ते यासाठीच.

थ्रेडबो, पेरिशर, फॉल्स क्रीक, माउंट हॉथम, माउंट बुलर ही मोठी ठिकाणं. परदेशी इन्स्ट्रक्टरांचं इथे कोणाला नवल नाही. 1949 मध्ये स्नोई माउंटन्सचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला तेव्हा युरोपातून हजारो कामगार आले, त्यांच्यातल्या स्कीवेड्या माणसांनी ही ठिकाणं उभी करायला हातभार लावला. थ्रेडबोची कल्पना ज्याने लावून धरली तो टोनी स्पोनार मूळचा चेकोस्लोव्हाकियाचा. आज मेलबर्न-सिडनीहून पहिल्यांदा बर्फ बघायला येणाऱ्या भारतीय कुटुंबांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी आहे. हिंदी-मराठी येणं हे अर्जात ठळक लिहा, सुपरवायझरला त्याचा उपयोग असतो.

जपानची वाट वेगळी. तिथे 2020 मध्ये स्की इन्स्ट्रक्टरसाठी निवासाच्या परवान्याची खास सोय झाली, पण त्याला मान्यताप्राप्त प्रमाणपत्र लागतं आणि कागदपत्रं करून देणारं स्कूल लागतं. एका-दोन सीझनचा अनुभव घेऊन गेलात तर स्कूल तुमच्यासाठी तेवढी खटपट करतं. निसेको आणि हाकुबामध्ये इंग्रजीतून शिकवणारी स्कूल्स आहेत, गिऱ्हाईक हाँगकाँग, सिंगापूर, ऑस्ट्रेलियाचं. जपानमध्ये मला एका गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. तिथल्या स्कीइंगची सुरुवातच एका परदेशी इन्स्ट्रक्टरने झाली. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातला थिओडोर फॉन लेर्ख नावाचा अधिकारी, त्याने जानेवारी 1911 मध्ये ताकादा इथे जपानी सैनिकांना पहिले धडे दिले. आजही 12 जानेवारी तिथे स्कीचा दिवस मानतात.

युरोपचं स्वप्न सध्या बाजूला ठेवा, हे मी जड मनाने सांगते. फ्रान्समध्ये स्की शिकवणं हा कायद्याने बांधलेला व्यवसाय आहे. पूर्ण परवान्यासाठी युरोटेस्ट नावाची जायंट स्लॅलमची, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून वळणं घेत उतरण्याची, वेळ लावून घेतलेली शर्यत पार करावी लागते, आणि लहानपणापासून शर्यती खेळलेली मुलंही त्यात अडकतात. ऑस्ट्रियात पहिली पायरी, आनवेर्टर, साधारण दहा दिवसांत होते, पण युरोपियन युनियनबाहेरच्या माणसाला कामाचा परवाना मिळवून द्यायला स्कूल सहसा तयार नसतं. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश इन्स्ट्रक्टरांवरसुद्धा हीच वेळ आली. ब्रिटनमध्येच जायचं तर भारतीयांसाठी यंग प्रोफेशनल्स योजना आहे: पदवी, वय 18 ते 30, सोडत, खात्यात 2,530 पौंड, मुक्काम दोन वर्षांपर्यंत. तिकडे घरातले, म्हणजे बंदिस्त हॉलमधले बर्फाचे उतार बरेच आहेत आणि बासीची लेव्हल 1 अशाच जागांसाठी असते. डोंगर दिसत नाही. पण वर्षभर रोज नवशिक्यांना शिकवून हात असा बसतो की मला अशा ठिकाणाहून आलेले इन्स्ट्रक्टर नेहमीच पक्के वाटतात. आपल्याला जवळचं म्हणजे स्की दुबई, 2005 पासून मॉलच्या आत चालू आहे. तिथे व्हिसा मालकच काढतो. सुरुवात तिथून करण्यात काही कमीपणा नाही.

पैशांचं. ऑस्ट्रेलियात इन्स्ट्रक्टर बहुधा कॅज्युअल कामगार असतो, तासावर पैसे. जूनमध्ये बर्फ कमी असतो, कधी फक्त मशीनने पाडलेल्या बर्फाची एक पट्टी उघडी असते. तेव्हा हाताला काम नसतं आणि घरभाडं मात्र चालू असतं. जुलैच्या शाळांच्या सुट्टीत इतकं काम असतं की दिवस संपत नाही. ऑगस्ट बरा. सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा ओहोटी. पेरिशर-थ्रेडबोची बहुतेक मंडळी जवळच्या जिंडाबाइन गावात राहतात आणि हिवाळ्यात तिथली भाडी कडाडतात. जाताना किमान दोन महिन्यांचं भाडं आणि जेवणखाण खात्यात हवंच. पुष्कळजण पहिल्या सीझनला संध्याकाळी कॅफेत किंवा स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात काम करतात. या व्हिसावर 45,000 डॉलरपर्यंतच्या कमाईवर पहिल्या डॉलरपासून 15 टक्के कर लागतो. मालक भरतो तो सुपरॲन्युएशनचा, म्हणजे निवृत्तिनिधीचा, पैसा देश सोडताना मागता येतो, पण त्यातला 65 टक्के करात जातो. तेव्हा हिशोब करताना तो पैसा धरूच नका.

पहिल्या सीझनला खर्च निघाला आणि थोडे हातात उरले तर उत्तम झालं असं समजा. लेव्हल 2 झाली, लोक नाव घेऊन मागायला लागले, की चित्र बदलतं. खासगी धड्यांमध्ये पैसा असतो.

खर्च करायचाच तर पहिली खरेदी बुटांची. स्की भाड्याने चालतात, बूट नाही. आपल्याकडे भाड्याने मिळणारे बूट बहुधा सैल देतात, त्यात पाय आत हलतो, आणि पाय हलला की स्कीपर्यंत हुकूम पोचतच नाही. बुटाचा आतला मऊ भाग काढून नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघायचं. एक ते दोन सेंटिमीटर असेल तर माप बरोबर. दोनाच्या वर गेलं तर दुकानदार कितीही आरामदायक म्हणो, घेऊ नका. बूट कुठल्यातरी स्की गावात, बूट बसवून देणाऱ्या कारागिराकडूनच घ्या. पंजा रुंद असेल तर तो कवच तापवून फुगवून देतो. दुसरी गोष्ट गॉगल आणि सनस्क्रीन. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो. ढगाळ दिवशीही लावायचं, हनुवटीखाली आणि नाकाच्या आतल्या कडेलाही.

विमा काढताना पॉलिसी पूर्ण वाचा. प्रवास विम्यात स्कीइंग असलं तरी ते मौजेचं, कामाचं बहुधा नसतं. कामावर झालेल्या इजेला ऑस्ट्रेलियात मालकाचा कामगार विमा असतो, पण सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर पडलात तर तो नाही, आणि तिथली मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य योजना, या व्हिसावरच्या भारतीय नागरिकाला लागू होत नाही.

घरच्यांना काय सांगायचं? खरं ते सांगा. बहुतेकांसाठी हे काही वर्षांचं काम असतं. हंगामी कामावरून परदेशात कायमचं राहायला मिळणं कठीण, या आशेने निघू नका. जे टिकतात ते लेव्हल 3 कडे जातात, इतर इन्स्ट्रक्टरांचे ट्रेनर, सुपरवायझर, परीक्षक होतात. वर्षात दोन हिवाळे करतात, जून ते ऑक्टोबर दक्षिणेत आणि डिसेंबर ते एप्रिल उत्तरेत, आणि मधले महिने मोकळे किंवा बिनपगारी. लग्न, आईवडिलांची आजारपणं, घराचा हप्ता, हे सगळं या वेळापत्रकात बसवणं सोपं नाही. मला ते जमलं कारण माझ्याकडे ऑस्ट्रेलियाची परमनंट रेसिडेन्सी आहे आणि घरच्यांची साथ आहे. तुमची पदवी आणि नोकरीचा अनुभव कुठे जात नाही. पुण्यातली नोकरी लगेच सोडू नका. दोन हिवाळे रजा काढून गुलमर्ग करा, तोवर सोडतीत नाव टाकत राहा.

आता त्या एजन्सीकडे वळू. सगळ्याच एजन्सी वाईट नसतात. राहणं, लिफ्ट पास (उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचा), परीक्षेची फी आणि आठ-दहा आठवड्यांचं प्रशिक्षण एकत्र देणारे चांगले लोक आहेत, आणि अजिबात ओळख नसलेल्या देशात त्याची मदत होते. पण ‘नोकरीची हमी’ हे शब्द आले की थांबायचं. प्रामाणिक लोक मुलाखतीची हमी देतात, कारण नोकरी स्कूल देतं, परीक्षा संघटना घेते आणि व्हिसा सरकार देतं. सोडतीतला नंबर तर कोणालाच विकत घेता येत नाही. त्यांना हे विचारा: परीक्षा कुठल्या संघटनेची आणि नापास झालो तर पुन्हा बसण्याची फी कोणाची? स्कूलचं नाव काय, आणि करारपत्रावर सही स्कूलची असेल की तुमची? मी कुठल्या सबक्लासच्या व्हिसावर काम करणार? व्हिसा नाकारला किंवा सोडतीत नंबर लागला नाही तर किती पैसे, किती दिवसांत परत? लिफ्ट पास, राहणं, विमा यातलं साडेसहा लाखांत काय आहे आणि काय नाही? ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बघू’ असं कोणी म्हणालं तर बोलणं तिथेच संपवा. पकडले गेलात तर पुढचे सगळे व्हिसा अडतात.

हे सगळं फोनवर नको, ईमेलवर विचारा. त्यांनी स्कूलचं नाव दिलं की त्या स्कूलच्या अधिकृत वेबसाइटवरचा पत्ता शोधून स्वतः लिहा की अमुक एजन्सी तुमच्यासाठी भरती करते का. आम्हाला अशी पत्रं येतात आणि आम्ही उत्तर देतो. दक्षिणेकडच्या हिवाळ्यासाठी स्कूल्स अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीला घेतात आणि ते थेट करता येतात, मधे कोणी लागत नाही. अर्जाबरोबर स्कीइंग करतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ जोडा, पण अर्धा मिनिट शिकवतानाचाही जोडा. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट कार्यालयाचं पोलिस क्लिअरन्स आधीच काढून ठेवा, कारण मुलांबरोबर काम करायचं तर न्यू साउथ वेल्समध्ये वेगळी तपासणी होते आणि तिथे कागद कमी पडले की लाइन-अपला उभं राहायला उशीर होतो.